तेलतारण कर्जाचा व्यवहार नेमका चालतो कसा? अंगोला, काँगो आणि लोबितो रेल्वेमार्गाविषयी काही प्रश्न

औदुंबर

अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडेन डिसेंबर २०२४ मध्ये अंगोलाला गेले, तेव्हापासून लोबितो या अंगोलाच्या अटलांटिक बंदरातून काँगोकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाविषयी बरेच काही वाचनात येत आहे. बहुतेक लेखांची मांडणी एकाच साच्यातली असते. चीनने आफ्रिकी देशांना कर्जाच्या सापळ्यात अडकवले, त्यांची खनिजे आणि तेल स्वतःकडे वळवले, आणि आता अमेरिका व युरोपीय संघ त्यांना पर्याय देऊ पाहत आहेत, असा त्यांचा सूर असतो. याच्या उलट बाजूचे लेखही तितकेच ठरीव असतात. त्यांत चीन रस्ते, रुग्णालये आणि रेल्वे बांधतो, पश्चिमेकडचे देश मात्र केवळ उपदेश करतात, असे सांगितले जाते. दोन्ही प्रकारचे लेख वाचून झाले तरी मूळ व्यवहार कसा होतो, हे मला कळलेले नाही.

माझे तीन प्रश्न आहेत. तेल तारण ठेवून कर्ज घेतले म्हणजे प्रत्यक्षात काय तारण असते? ठरावीक पिंपे ठरावीक भावाने द्यायची असतात, की बाजारभावाने विकून आलेले पैसे द्यायचे असतात? दुसरे असे की, कर्ज थकले तर चीन बंदर किंवा विमानतळ ताब्यात घेऊ शकतो, या वारंवार केल्या जाणाऱ्या विधानात तथ्य किती? आणि तिसरा प्रश्न लोबितोविषयी आहे. तिथला व्यवहार अंगोलाच्या जुन्या चिनी कर्जांहून मुळातच वेगळा आहे, की केवळ कर्ज देणारा बदलला आहे?

हिशेबनीस

मी पहिल्याच प्रश्नावर थांबतो, कारण तो नीट सुटल्याशिवाय पुढच्या दोहोंची चर्चा हवेत राहते.

अंगोलातील यादवी युद्ध १९७५ पासून २००२ पर्यंत चालले. ते संपले तेव्हा रेल्वे, पूल, वीज यांपैकी फारसे काही धड उरलेले नव्हते. समुद्रातले तेल मात्र वाहते होते. पुनर्बांधणीसाठी पैसा हवा होता, पण आंतरराष्ट्रीय नाणेनिधी तेलाच्या उत्पन्नाचा उघड हिशेब मागत होता आणि राजधानी लुआंडातील सत्ताधाऱ्यांना तो द्यायचा नव्हता. मार्च २००४ मध्ये चीनच्या सरकारी एक्झिम (निर्यात-आयात) बँकेने २ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि पुढे या पद्धतीला ‘अंगोला प्रारूप’ असे नाव पडले. ते नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. युरोपीय बँका त्याआधीपासूनच अंगोलाला तेलाच्या तारणावर अल्प मुदतीची, महागडी कर्जे देत होत्या. खुद्द चीननेही १९७८ मध्ये जपानशी दीर्घकालीन करार करून यंत्रसामग्री व कारखान्यांच्या मोबदल्यात तेल आणि कोळसा देण्याचे मान्य केले होते. म्हणजे ही रीत चीन आधी कर्जदार म्हणून शिकला आणि पंचवीसेक वर्षांनी तीच त्याने धनको म्हणून वापरली.

व्यवहाराच्या दोन बाजू असतात आणि त्या एकमेकींपासून बऱ्याच अलग असतात. पहिली बाजू कामांची. अंगोलाचे अर्थखाते आणि बँक यांच्यात चौकट-करार होतो, त्याखाली रस्ता, शाळा, वीजवाहिनी असे प्रकल्प मांडले जातात, आणि कामे बव्हंशी चिनी कंत्राटदारांना मिळतात. २००४ च्या करारात सुमारे ७० टक्के कामे त्यांच्याकडे जावीत असे ठरले होते. काम पुढे सरकेल तसतशी बिले सादर होतात आणि बँक ती थेट कंत्राटदाराच्या खात्यात चुकती करते. कर्जाची रक्कम लुआंडात पोचतच नाही. यामुळे रोकड मध्येच नाहीशी होण्याचा धोका कमी होतो, हे मान्य केले पाहिजे. पण निविदांची खुली स्पर्धा नसल्यामुळे मुळातच कामाची किंमत फुगवून लावली गेली, तर ते तपासणार कोण, हा प्रश्न उरतो.

दुसरी बाजू तेलाची. सोनांगोल ही अंगोलाची सरकारी तेल कंपनी चिनी खरेदीदाराला दीर्घ मुदतीच्या कराराने तेल विकते. इथे भाव गोठवलेला नसतो, तो त्या त्या वेळच्या बाजारभावाप्रमाणे ठरतो. आलेले पैसे कर्ज देणाऱ्या बँकेच्या नियंत्रणातील एस्क्रो खात्यात जमा होतात. त्यातून हप्ता वळता होतो, करारात ठरलेली किमान शिल्लक खात्यात राखली जाते आणि उरलेली रक्कम अंगोलाला मिळते. तेव्हा तारण म्हणून असते ती पैशाची वाट, जमिनीखालचे तेल नव्हे.

आता यातली मेख पाहा. हप्ता डॉलरमध्ये ठरलेला असतो, पिंपांमध्ये नाही. समजा वर्षाला ५ अब्ज डॉलर फेडायचे आहेत. भाव १०० डॉलर असताना त्यासाठी ५ कोटी पिंपे पुरतात, आणि ५० डॉलरवर तो आला की १० कोटी लागतात. म्हणजे तेल स्वस्त झाले की सरकारचे उत्पन्न घटते आणि त्याच घटकेला उरलेल्या उत्पन्नातला मोठा वाटा कर्जाकडे जातो. बँकेला मात्र आपला हप्ता पूर्ण मिळतो. २०१४ च्या मध्यापर्यंत १०० डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्याही खाली गेले, तेव्हा अंगोलात नेमके हेच घडले. ही खिंड ओलांडण्यासाठी चायना डेव्हलपमेंट बँकेकडून १५ अब्ज डॉलरचे नवे कर्ज ठरवण्यात आले, तेही तेलाच्याच आधारावर. भरीला उत्पादनही आटत गेले. एकेकाळी दिवसाला १८-१९ लाख पिंपे काढणारा हा देश २०२३ मध्ये ११ लाखांच्या आसपास आला. भाव पडणे आणि विहिरी म्हाताऱ्या होणे या दोन्हींचा भार एकाच कर्जदारावर पडला.

२०१७ मध्ये सत्तेवर आलेले राष्ट्राध्यक्ष जुआंव लोरेन्सो यांनी नवी तेलतारण कर्जे घेणे थांबवण्याचे धोरण जाहीर केले आणि २०१८ च्या अखेरीस नाणेनिधीकडून ३.७ अब्ज डॉलरचा कार्यक्रम घेतला. मार्च २०२४ मध्ये चायना डेव्हलपमेंट बँकेने एस्क्रो खात्यातून दरमहा १५ ते २० कोटी डॉलर काढून घेण्याची मुभा अंगोलाला दिली. बातम्यांत ही सवलत म्हणून आली. एका सार्वभौम देशाला स्वतःच्या तेलाचे, स्वतःच्याच नावावर साठलेले पैसे वापरण्यासाठी वाटाघाटी कराव्या लागल्या, ही गोष्ट मला त्या बातमीतल्या आकड्यापेक्षा जास्त बोलकी वाटते.

रानवारा

हिशेबनीस यांच्या प्रतिसादावरून दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळतेच. उरलेल्या अर्ध्यासाठी युगांडाचे उदाहरण उपयोगी पडेल. एंटेबे विमानतळाच्या विस्तारासाठी युगांडाने २०१५ मध्ये चीनच्या एक्झिम बँकेकडून सुमारे २० कोटी डॉलर घेतले होते. २०२१ च्या अखेरीस विमानतळ चीनच्या ताब्यात जाणार असल्याच्या बातम्या जगभर पसरल्या आणि दोन्ही सरकारांनी त्या नाकारल्या. नंतर कराराची प्रत उजेडात आली, तेव्हा विमानतळ तारण नव्हता असे दिसले. पण त्याची कमाई एका विशिष्ट खात्यातून जावी आणि तिच्यातून आधी कर्जाची सोय व्हावी, अशी अट त्यात होती. ही बाब जप्तीइतकी सनसनाटी नाही म्हणून तिची बातमी झाली नाही. वास्तविक कुणा देशाच्या विमानतळावर कुलूप लावण्यापेक्षा त्याच्या रोजच्या गल्ल्यावर पहिला हक्क मिळवणे सावकाराला कितीतरी सोयीचे असते.

मला खरी हरकत आहे ती ही पद्धत केवळ चिनी मानण्याला. चाडकडे पाहा. त्याने २०१४ मध्ये डोबा तेलक्षेत्रातील शेवरॉनचा हिस्सा विकत घेण्यासाठी ग्लेनकोर या स्वित्झर्लंडमधील व्यापारी कंपनीकडून एक अब्ज डॉलरहून अधिक कर्ज घेतले. परतफेड अर्थातच तेलातून होणार होती. काही महिन्यांतच तेलाचे भाव कोसळले. हे कर्ज २०१५ मध्ये, पुन्हा २०१८ मध्ये आणि तिसऱ्यांदा २०२२ च्या अखेरीस जी-२० च्या सामायिक चौकटीखाली नव्याने बांधून घ्यावे लागले. दरम्यानच्या काळात सरकारने नोकरांचे भत्ते कापले आणि संप झाले. काँगो-ब्राझाव्हिलच्या (म्हणजे काँगो प्रजासत्ताकाच्या) डोक्यावरही ग्लेनकोर आणि ट्राफिगुरा या कंपन्यांची तेलाच्या आगाऊ उचलीची कर्जे होती. यांत बीजिंगचा संबंध नव्हता आणि कराराची कलमे चाडच्या नागरिकांना वाचायला मिळाली होती असेही नाही.

अंगोलाने तेलतारणाला रामराम केल्यानंतर काय केले, हेही पाहण्याजोगे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने जेपी मॉर्गन बँकेकडून एक अब्ज डॉलर उचलले आणि त्यापोटी आपलेच सुमारे १.९ अब्ज डॉलर दर्शनी किमतीचे डॉलर-रोखे तारण ठेवले. एप्रिल २०२५ मध्ये तेल घसरले, त्यामागोमाग रोखेही घसरले आणि बँकेने तारणातील तूट भरून काढण्यासाठी २० कोटी डॉलर रोख मागून घेतले. एस्क्रो खाते गेले आणि त्या जागी तारणाची तूट भरण्याची मागणी आली. तेलाचा भाव पडताच पैसे द्यावे लागण्याची स्थिती मात्र जिथल्या तिथे आहे.

तटस्थ

रानवारा यांचा मुद्दा योग्य आहे, पण त्यातून ‘सगळे सारखेच’ असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट प्रमाणाची. २००० ते २०२३ या काळात चिनी सावकारांनी आफ्रिकेला सुमारे १८२ अब्ज डॉलरची कर्जे दिली. त्यांतला सर्वांत मोठा कर्जदार, म्हणजे जवळपास चौथ्या हिश्श्याचा, अंगोलाच आहे. २०१६ मध्ये या कर्जांनी उच्चांक गाठला आणि नंतर ती झपाट्याने ओसरली. ग्लेनकोर चाडला अडचणीत आणू शकते. तिने अंगोलाच्या आकाराची पुनर्बांधणी उभी केलेली नाही, आणि तिच्यामागे परराष्ट्रधोरण असलेले सरकारही उभे नाही.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. ग्लेनकोरचे करारही लपवलेलेच होते, हे खरे. पण २४ देशांशी झालेले १०० चिनी कर्जकरार तपासून २०२१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गोपनीयतेची कलमे आढळलीच, शिवाय अनेक करारांत हे कर्ज इतर देशांसोबतच्या सामूहिक पुनर्रचनेतून वगळले जावे असा आग्रहही दिसला. या कलमांचा उपद्रव कर्ज सुरळीत फेडले जात असताना जाणवत नाही. तो जाणवतो कर्ज थकल्यावर.

झांबियात तो दिसला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या सरकारने युरोबाँडधारकांकडे, म्हणजे परकीय चलनातले सरकारी रोखे घेतलेल्यांकडे, हप्ते पुढे ढकलण्याची विनंती केली. आपण सोडलेला पैसा चिनी बँकांच्या हप्त्यांकडे जाणार नाही याची खात्री काय, चीनचे नेमके किती देणे आहे, हेच आम्हाला ठाऊक नाही, अशी शंका घेऊन रोखेधारकांनी नकार दिला आणि झांबियाचा हप्ता थकला. सरकारी धनकोंशी ६.३ अब्ज डॉलरच्या कर्जाविषयी तत्त्वतः समझोता व्हायला जून २०२३ उजाडले. त्यानंतर रोखेधारकांशी जमलेला एक करार सरकारी धनकोंनीच, आमच्याइतकी झळ यांनी सोसलेली नाही असे म्हणत, त्या वर्षाअखेरीस परत पाठवला. तो विषय २०२४ मध्ये मिटला. प्रत्येक सावकार दुसऱ्याच्या खिशाकडे बघत बसला होता आणि एवढी वर्षे तांब्याची खाण असलेला देश नव्या भांडवलाविना राहिला. चीन आणि पाश्चात्त्य रोखेबाजार यांच्या स्पर्धेची किंमत इतक्या स्पष्टपणे क्वचितच मोजता येते.

औदुंबर

तिघांचेही आभार. भाव पडल्याचा भार कोणावर आणि करार कोणाला वाचायला मिळतो, या दोन प्रश्नांच्या चाळणीतून कोणताही प्रकल्प गाळून पाहावा, असे मी आतापर्यंतच्या चर्चेतून घेतो आहे. लोबितो या चाळणीतून कसा उतरतो? आणि काँगोच्या कोबाल्टचा त्याच्याशी संबंध किती?

लोहमार्ग

लोबितोची कथा ज्या टोकापासून सांगितली जाते, त्याच्या शंभर वर्षे आधीपासून ती सुरू होते. काँगोच्या कटांगा भागातील तांबे अटलांटिकला नेण्यासाठी पोर्तुगीज वसाहतीतून रेल्वे घालण्याची सवलत (म्हणजे ती बांधून चालवण्याचा हक्क) रॉबर्ट विल्यम्स या ब्रिटिश उद्योजकाने १९०२ मध्ये मिळवली. सवलतीची मुदत ९९ वर्षांची होती. रूळ १९३१ पर्यंत कटांगाच्या जाळ्याला जोडले गेले, १९७५ नंतरच्या युद्धात मार्ग बंद पडला, आणि सवलत संपली तेव्हा अंगोलाच्या वाट्याला १३०० किलोमीटरहून लांब, बहुतेक भागात उद्ध्वस्त असा लोहमार्ग आला. तो पुन्हा उभा केला चायना रेल्वे २० ब्युरो या कंपनीने, साधारण २००६ ते २०१४ या काळात, १.८ अब्ज डॉलरच्या घरात खर्च करून. आज ज्या मार्गाला चीनविरोधी पर्याय म्हणून मिरवले जाते, तो मार्ग चीननेच पुन्हा उभारलेला आहे.

२०२२ मध्ये अंगोलाने तो चालवण्याचे कंत्राट लिलावाने दिले. चिनी गट मागे पडला आणि ट्राफिगुरा, पोर्तुगालची मोता-एंजिल व बेल्जियमची व्हेक्तुरिस यांच्या संयुक्त कंपनीला ३० वर्षांची सवलत मिळाली. अमेरिकेच्या विकास वित्त महामंडळाने तिच्यासाठी ५५.३ कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. गंमत अशी की मोता-एंजिलमध्ये चायना कम्युनिकेशन्स कन्स्ट्रक्शन या चिनी सरकारी कंपनीचे सुमारे ३२ टक्के भागभांडवल आहे. आणि या मार्गाने सुरुवातीला जे तांबे बंदरात गेले, ते काँगोतील कामोआ-काकुला खाणीचे होते. त्या खाणीत कॅनडाच्या आयव्हन्होइतकाच हिस्सा चीनच्या झिजिन कंपनीचा आहे. रूळ कोणाचे, डबे कोणाचे आणि डब्यांतला माल कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगवेगळ्या दिशांना जातात. चीन इकडे पूर्वेच्या वाटेवरही आहे. टांझानियातील दार-एस-सलाम ते झांबियातील कापिरी म्पोशी हा १८६० किलोमीटरचा ताझारा मार्ग त्याने १९७० ते १९७५ मध्ये बिनव्याजी कर्जावर बांधून दिला होता, आणि आता सुमारे १.४ अब्ज डॉलर गुंतवून तो पुन्हा चालता करण्याचे कंत्राट चिनी कंपनीने घेतले आहे.

आता औदुंबर यांची चाळणी. लोबितोत मालवाहतूक कमी झाली तर पहिला तोटा सवलतधारक कंपनीचा होतो आणि अमेरिकेचे कर्जही त्या कंपनीच्या नावावर आहे. अंगोलाच्या तेलाला यात हात लागलेला नाही. या अर्थाने व्यवहार खरोखरच वेगळा आहे आणि ते नाकारू नये. पण हे वेगळेपण शक्य झाले ते मार्ग उभारण्याचा सर्वांत जोखमीचा खर्च आधीच झालेला होता म्हणून. जिथे अजून रूळच नाहीत, तिथे कस लागेल. झांबियात नेण्याचा सुमारे ८०० किलोमीटरचा नवा फाटा हे त्याचे उदाहरण आहे. तिथल्या जोखमीला खासगी भांडवल किती आपणहून पुढे येते आणि किती सरकारी हमी मागते, त्यावर पर्याय या दाव्याची किंमत ठरेल.

कोबाल्टचे प्रकरण मोठे आहे, पण मुद्द्यापुरते सांगतो. जगातले ७० टक्क्यांहून अधिक कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून निघते आणि त्याच्या शुद्धीकरणाचा बहुतांश भाग चीनमध्ये होतो. तिथली तेंके-फुंगुरुमे ही खाण २०१६ पर्यंत फ्रीपोर्ट-मॅकमोरान या अमेरिकी कंपनीकडे होती. तिने ती कर्जाच्या ओझ्याखाली २.६५ अब्ज डॉलरला चायना मॉलिब्डेनमला विकली आणि त्या वेळी वॉशिंग्टनने ती रोखण्यासाठी काही केले नाही. त्यामुळे चीनने ही खाण बळकावली असे कोणी म्हणाले की मला आश्चर्य वाटते. ती बाजारात मांडली होती आणि त्यांनी पैसे मोजले.

काँगोचा सिकोमिन करार मात्र अंगोला-पद्धतीचा सख्खा भाऊ आहे. २००८ च्या या करारात चिनी गटाला ६८ टक्के आणि जेकामिन या सरकारी कंपनीला ३२ टक्के हिस्सा मिळाला. खाणीच्या नफ्यातून खाणीचा आणि रस्ते-रुग्णालयांचा खर्च फेडायचा, अशी रचना होती. आधी ९ अब्ज डॉलरची योजना होती. नाणेनिधीच्या आक्षेपामुळे ती ६ अब्जांवर आली, त्यांपैकी ३ अब्ज पायाभूत कामांसाठी ठरले. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, काँगोच्या वित्त-निरीक्षणालयाने हिशेब तपासला तेव्हा प्रत्यक्षात ८२.२ कोटी डॉलरचीच कामे झाल्याचे त्यात म्हटले होते. मार्च २०२४ मध्ये करार नव्याने झाला आणि कामांची रक्कम ७ अब्ज डॉलरपर्यंत वाढली. वर्षाला ३२.४ कोटी डॉलर मिळायचे, पण त्याला अट तांब्याचा भाव टनामागे ८००० डॉलरच्या वर असण्याची.

हिशेबनीस

लोहमार्ग यांच्या शेवटच्या वाक्यामुळे पुन्हा लिहिणे भाग पडले. ८००० डॉलरची ती अट नीट वाचली तर काँगोला मोठ्या रकमेचे आश्वासन मिळाले आणि सोबत भाव पडल्यावर रस्त्यांचा निधी आटण्याची तरतूदही मिळाली. तांबे महाग असताना सरकारकडे इतर मार्गांनीही पैसा येतो. तो आटतो तो तांबे स्वस्त झाल्यावर, आणि नेमक्या त्याच वेळी रस्तेही थांबतील. अंगोलातील जोखीम तेलातून येत होती, इथली तांब्यातून येते. तरीही वाटाघाटींनी आकडा दुपटीहून अधिक वाढला, याचे श्रेय काँगोच्या निरीक्षणालयाला द्यायला हवे. पाश्चात्त्य देश दारात उभे होते म्हणून राजधानी किन्शासातील सरकारला ताठ राहता आले, हेही खरे. पण दार उघडून देणारा कागद मात्र तिथल्याच लेखापालांनी तयार केला होता.

कोबाल्टबाबतही २०२५ मध्ये काँगोने हेच केले. भाव अनेक वर्षांच्या नीचांकावर गेल्यावर फेब्रुवारीत निर्यात थांबवली आणि ऑक्टोबरमध्ये त्याऐवजी प्रत्येक कंपनीला कोटा ठरवून दिला. चिनी कंपन्या त्यामुळे नाराज झाल्या. ग्लेनकोरच्या खाणींनाही तोच नियम लागू आहे, आणि कोटा कोणाला किती, हे ठरवण्याची शाई या खेपेस किन्शासाच्या हातात आहे.